मुद्दाम तुमच्यासाठी

मथुरेच्या गंधी आळीत माझ्या सासूबाईंना, गृहश्रीला, ओळखत नाही असं कुणी नव्हतं. त्या पाणी दोनदा गाळायच्या आणि फडक्यातले किडे अलगद विहिरीत सोडून यायला मला पिटाळायच्या. ही बाई सुनेपेक्षा किड्यांना जास्त जपते, असं मला वाटायचं.

माझं माहेर बुद्धाला मानणारं, सासर जिनांचं, म्हणजे जैन. चौकात दोन्हीकडच्यांची खडाजंगी चाले, पण सोयरीक जुळवताना मात्र सगळ्यांनी चंदनाचा धंदा पाहिला होता.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत, महिन्याचा उपवास केलेले एक जैन साधू पारण्यासाठी आमच्या दारात उभे राहिले. ते आळीत येणार हे कानावर आलं होतं, म्हणून मी भल्या पहाटे उठून खीर केली होती. मी हात जोडून मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "घ्या महाराज, मुद्दाम तुमच्यासाठीच रांधलंय."

साधूंनी पात्र झाकलं आणि ते माघारी फिरले.

सासरे कडाडले, "साधूसाठी चूल पेटवलीस? त्या जाळात मेलेल्या जिवांचं पाप त्यांच्या माथी? घरच्यांसाठी शिजतं त्यातलंच ते घेतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं! उद्याच हिला माहेरी पोचवा."

माझा नवरा मान खाली घालून चंदन उगाळत राहिला. त्याच्याकडून मला आशा नव्हतीच. टाकलेली सून म्हणून बापाच्या दारात कशी उभी राहणार होते मी?

तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या. "हिच्या माहेरी भिक्खूंना आमंत्रण देतात, त्यांच्यासाठी रांधतात. आपली रीत मी सांगायला हवी होती, चूक माझी आहे. पोचवायचंच तर मला पोचवा. भाऊ म्हातारा झालाय, पण ठेवून घेईल."

"या वयात?" सासरे गडबडले.

"मग काय! तुमचं जेवण तुम्ही रांधा."

तेवढ्यात समोरची तेलीण ओरडत आली. तिच्या न्याहारीतली जवाची पेज घेऊन साधूंचं पारणं झालं होतं. माझा जीव भांड्यात पडला. तेलीण मात्र पुढे वर्षभर ते पुण्य आम्हाला ऐकवत होती.

पावसाळा सरला आणि माझ्या माहेरचे वृद्ध भिक्खू मथुरेच्या विहारात आले. त्यांना घरी बोलवा म्हणायची माझी छाती होईना. सासूबाईंनी ते कसं ताडलं, देव जाणे. मला न सांगता त्या विहारात जाऊन आमंत्रण देऊन आल्या आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी भिक्खूंसाठी चूल पेटवली.

भिक्खू दाराशी आले. सासूबाईंनी पदर सावरला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "या महाराज. मुद्दाम तुमच्यासाठीच रांधलंय."

मला रडू आवरेना. आतून सासरे पुटपुटत आले, "अगं थांब, आसन तरी मांडू दे मला."