दोन काय?

"साखर दोन," असं मी म्हणालो की शेजारची पोर चमचा तसाच हवेत धरून विचारायची, "दोन काय, काका? चमचे का चिमट्या?" उत्तर मिळेपर्यंत चहा निवला तरी चालेल. आमच्या गंगाखेडच्या गल्लीत तिचं नावच 'दोनकाय' पडलं होतं.

पुणं सोडून ती वडिलांसाठी परत आली आणि घरूनच परदेशी मंडळींबरोबर एका प्रोग्रामिंगच्या भाषेचं काम करू लागली. ती भाषा फंक्शनल जातीची, एवढं मला पाठ होतं. अर्थ मला विचारू नका. त्या भाषेचा कम्पायलर, म्हणजे प्रोग्राम चालायच्या आधी तो तपासणारा गडी, त्यात एक भोक राहिलं होतं. ते बुजवायला ही कित्येक महिने बसली होती.

"भोक म्हणजे?"

"रिकाम्या डब्यावर 'काहीबी' लिहिलेलं चालायलंय, काका. एक जण मीठ भरतो, दुसरा साखर म्हणून काढतो. कम्पायलर दोघांनाबी हो म्हणायलाय."

"मग चव घेऊन बघावी!"

"चहा नासल्यावर?" तिनं असं काही बघितलं की मी कप उचलून तोंडाला लावला.

तिचा उपाय सरळ होता: पहिल्यांदा जे भराल, तेच त्या डब्याचं नाव. पण त्यानं कित्येकांचे जुने प्रोग्राम अडणार होते, म्हणून तिकडची जुनी मंडळी कुरकुरत होती.

गंमत घरातच होती. तिचे वडील, आमचे आबा, एसटीत कंडक्टर होते. लकव्यानंतर त्यांच्याजवळ एकच शब्द उरला: "पुढं!" पाणी हवं तरी पुढं, पंखा हवा तरी पुढं, माझा कंटाळा आला तरी पुढं. "हा बघ तुझा 'काहीबी'चा डबा," मी चिडवायचो.

"आबाला सूट हाय," ती म्हणायची.

तिची दुरुस्ती नव्या आवृत्तीत घ्यायची की नाही, हे एका संध्याकाळी व्हिडिओवर ठरणार होतं. नाही म्हणाले असते तर सगळी मेहनत पाण्यात. मला तिनं आबांजवळ बसवलं होतं. आतून तिचं इंग्रजी ऐकू येत होतं. मग तिकडं कुणीतरी बराच वेळ बोललं आणि हिचा आवाज बारीक होत थांबलाच.

"पुढं!" आबा ओरडले.

ती बैठक सोडून धावत आली. पाणी दिलं, त्यांनी तोंड फिरवलं. पंखा लावला, उशी सरकवली, गोळी काढली. "काय पायजे आबा, सांगा की!" ती रडकुंडीला आली. आतून कॉम्प्युटरवर तिला हाका सुरू होत्या.

आबांनी चांगल्या हातानं तिला दाराकडं ढकललं. "पुढं!"

ती बघतच राहिली. मलाही तेव्हाच उमगलं. या वेळी म्हातारा खरोखर पुढंच म्हणत होता.

डोळे पुसून ती आत गेली. मग तिचा आवाज असा चढला की मला इंग्रजी न कळताही मजा आली. दुरुस्ती मंजूर झाली. सांगायला ती बाहेर आली, तोवर आबांना झोप लागली होती. हात मात्र अजून दाराकडंच होता.