आधी बोलण्याचा मान

तिला वाचनालयात आणलं ते मीच, हे आधीच सांगून टाकते. वसमतच्या बसस्थानकामागे एका खोलीत ती शिलाई मशीन घेऊन राहायची. नवरा सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला मेंढ्या घेऊन फिरणारा, आणि ही दोन लेकरांच्या शाळेसाठी गावात आलेली. माझे ब्लाउज ती शिवायची. एकदा माप द्यायला गेले तर माझ्या पिशवीतलं पुस्तक तिनं काढलं आणि उभ्या उभ्या दोन पानं वाचून टाकली. "ताई, हे मला दोन दिवस देता का?" म्हणाली. मी म्हटलं, देते काय, तूच चल आमच्याकडे. त्यात थोडा उपकार होता आणि बराचसा मिरवण्याचा भाग होता. आपण कुठे बसतो-उठतो ते तिला दिसावं असं मला वाटलं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

आमचा वाचक गट मोंढ्याच्या, म्हणजे हळदीच्या बाजाराच्या, मागच्या गल्लीत, वाचनालयाच्या आतल्या खोलीत बसतो. हळदीच्या दिवसांत खुर्ची पुसल्याशिवाय टेकता येत नाही, नाहीतर साडीला मागून पिवळा शिक्का बसतो. आठ-नऊ जण, बहुतेक निवृत्त शिक्षक नाहीतर बँकवाले. आणि मी. नऊ वर्षं त्या खोलीत मी एकटी बाई होते. ही तक्रार नाही, मला ते आवडायचं. घरी मी हळदीच्या अडत्याची बायको आणि दोन सुनांची सासू. तिथे मात्र चर्चा रेंगाळली की गुरुजी, म्हणजे गट चालवणारे आमचे जुने मुख्याध्यापक, हात वर करून म्हणायचे, "थांबा, ताईंचं काय म्हणणं है ते ऐकू." सगळे गप्प व्हायचे. त्या गप्प होण्यासाठी मी महिनाभर मन लावून वाचायचे.

आमची एक रीत आहे. एका वेळी तीन पुस्तकं फिरत असतात, महिन्याला एकाची फेरी पुरी होते. प्रत्येक पुस्तकाची प्रत एकच. ती एकेकाकडे आठ दिवस फिरते, कुणाकडे कधी ते गुरुजी चिठ्ठ्या टाकून ठरवतात. ज्याच्या हाती पुस्तक सगळ्यांत शेवटी येतं तो चर्चेत सगळ्यांत आधी बोलतो, कारण त्याचं वाचन ताजं असतं. वाचताना समासात पेन्सिलीनं लिहायची मुभा आहे. गुरुजी नुसत्या बरोबरच्या खुणा करतात, वह्या तपासल्यासारख्या. बाकीचे फार तर 'छान' लिहितात. मी मात्र वाक्यंच्या वाक्यं लिहायची. पुढच्यानं पुस्तकाबरोबर मलाही वाचावं, असा माझा हिशेब.

पहिले दोन महिने ती भिंतीजवळ बसली आणि काही बोलली नाही. मला बरं वाटलं. तिसऱ्या महिन्यात एका कादंबरीवर बोलणं चाललं होतं. तिच्यातली बाई घर सोडून निघते आणि शेवटच्या पानावर मागे वळून न बघता चालत जाते. मी त्या न बघण्यावर दहा मिनिटं बोलले. मुक्ती, निर्धार, सगळं आणलं. बोलून झाल्यावर गुरुजींनी सहज तिला विचारलं. ती पदर सारखा करून म्हणाली, "मला ते पटलं न्हाई. आमी पंधरा-पंधरा दिवस मेंढ्यामागं चालतो. चालणारी बाई सारखी मागं बघती. लंगडं कोकरू है, लेकरू है, काही ना काही मागं ऱ्हातंच. जिनं लिहिलं ती लई लांब कधी चालली नसंल."

मग गुरुजी हसले आणि म्हणाले, "बराबर है. याच्यापुढं आता काय बोलावं? चहा घेऊ."

चहा घेऊ! माझी दहा मिनिटं चहाबरोबर गेली. घरी येताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. राग तरी कुणावर काढणार? ती खरं बोलली होती आणि मलाही ते क्षणात पटलं होतं. तिनं काही चुकीचं म्हटलं असतं तर मी तिला किती मायेनं समजावलं असतं! माझ्या पोटात दुखायला लागलं ते त्या दिवसापासून. सवत आणली असती तरी इतकं दुखलं नसतं, कारण नवऱ्याचं बोलणं ऐकायला मी कधी महिनाभर थांबले नव्हते.

पुढं तर दर महिन्याला तेच. "थांबा, त्या काय म्हणतात ते ऐकू." त्या म्हणजे ती. आणि ही बया मला भेटली की म्हणायची, "ताई, तुमच्यामुळं झालं समदं." तिनं थोडा तरी शिष्टपणा करावा, म्हणजे मला रीतसर चिडता येईल, अशी मी वाट बघायची. तिनं तेवढीही सोय केली नाही.

अशात गुरुजींनी बातमी आणली की एक लेखिका आमच्याकडे यायला तयार झाल्या आहेत. नाव सांगत नाही. त्यांचं एकूण एक पुस्तक मी वाचलेलं होतं. त्यांना लिहिलेली दोन पत्रं माझ्या कपाटात साड्यांखाली होती, टाकायचा धीर कधी झाला नव्हता. आता त्या समोर बसणार, त्यांच्या नव्या कादंबरीवर आमच्यातला एक जण त्यांच्यासमोर आधी बोलणार, आणि मग त्या. तो एक जण मीच असायला हवी होते. आयुष्यात दुसरं काही मी इतकं मागितलं नव्हतं.

चिठ्ठ्या निघाल्या. माझी शेवटून दुसरी आणि तिची शेवटची.

मी गुरुजींना गाठून म्हटलं, तिला लेखिकेसमोर बोलायची तकलीफ कशाला, नवीन आहे, घाबरेल. गुरुजी चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "ताई, चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी."

पुस्तक माझ्याकडे आलं. गावोगाव फिरून बांगड्या भरणाऱ्या एका बाईची गोष्ट होती. सांगते ना, आठ दिवस मी जमिनीवर नव्हते. समास भरून गेले. काही पानांवर तर वरून खाली, वळसा घालून लिहिलं. आठव्या दिवशी दुपारी पुस्तक तिच्याकडे द्यायला निघाले आणि उंबऱ्यात थांबले. हे सगळं आपण तिला देतोय, हे तेव्हा डोक्यात शिरलं. ती हे वाचणार, यावर आपलं काहीतरी चढवणार, आणि लेखिकेसमोर उभी राहणार. माझ्याच पिठाची भाकरी ती माझ्या आधी खाणार.

मी परत आत गेले. नातवाच्या दप्तरातून खोडरबर काढलं आणि पहिल्या पानापासून बसले. माझा हात हलका, पेन्सिल मऊ, त्यामुळे मागमूस राहत नव्हता. गुरुजींच्या खुणा तेवढ्या ठेवल्या. मालक जेवायला आले तेव्हा माझ्या मांडीवर रबराचा चुरा पडलेला.

"काय खोडून राहिली एवढं?"

"चुका."

"मंग लिहिल्या काहून?" असं म्हणून ते हात धुवायला गेले. त्या माणसाला जन्मात एवढं नेमकं कधी बोलता आलं नव्हतं.

संध्याकाळी मी पुस्तक तिच्या हाती दिलं. तिनं तिथल्या तिथं उघडलं, चार-सहा पानं उलटली, आणि माझ्याकडे बघितलं.

कार्यक्रम रविवारी सकाळी होता. बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या, शाल-श्रीफळ झालं. लेखिका साध्या सुती साडीत आल्या होत्या. त्यांनी कादंबरीतला एक भाग वाचून दाखवला आणि मग गुरुजींनी रीतीप्रमाणे तिला बोलावलं. ती उठली. हात जोडून म्हणाली, "मी आज बोलत न्हाई. माझं वाचन कच्चं है. माझ्याऐवजी ताई बोलतील." आणि खाली बसली.

मला काय वाटलं ते लपवत नाही. आनंदानं माझे कान गरम झाले. सापडली, म्हटलं. म्हणजे इतके महिने ही माझ्या समासातलंच बोलत होती! यावेळी समास कोरा, तर हिचं तोंडही बंद. मी उठले आणि बोलले. खोडलेलं सगळं मला पाठ होतं. वीस मिनिटं बोलले आणि चांगलं बोलले. टाळ्या पडल्या. तिनं सगळ्यांत जोरात वाजवल्या. लेखिका म्हणाल्या, "फार अभ्यासानं वाचलंय तुम्ही."

मग चहाच्या वेळी मी त्यांच्याशेजारी उभी असताना त्यांनी गुरुजींना विचारलं, "त्या पहिल्या बाई का नाही बोलल्या? मी वाचत होते तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांचं ऐकायचं होतं." समोर मी उभी, आणि हवी होती ती!

त्यानंतर ती आली नाही. एक महिना झाला, दोन झाले. गटाच्या व्हॉट्सअॅपवर निरोप जायचे, ती नुसतं हात जोडलेलं चित्र टाकायची. खोलीत मी पुन्हा एकटी बाई झाले. गुरुजी पुन्हा म्हणू लागले, ताईंचं ऐकू. मी बोलायचे, आणि बोलता बोलता भिंतीजवळच्या खुर्चीकडे बघायचे. ती असती तर हे तिला पटलं असतं का, असं वाटायचं. शेवटी गुरुजीच म्हणाले, "तुमीच आणलं होतं त्यांना, तुमीच जाऊन विचारा."

गेले. ती कुणाच्या तरी साडीला फॉल लावत होती. तिनं मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. मी विचारलं, येत का नाहीस? ती आधी लेकरांचं सांगत राहिली, सणाचं काम सांगत राहिली. मग सुई थांबवून म्हणाली, "खरं सांगू का ताई? ते बांगड्यावालीचं पुस्तक मला लई आवडलं होतं. रडले मी. मी पयलं आपलं आपलं वाचते, अन् मंग तुमची पेन्सिल बघते, आपल्याला बराबर कळलं का न्हाई ते बघाया. ह्या येळी तुमी एक अक्षर लिहिलं नव्हतं. मला वाटलं, ताईंना एक ओळ लिहावी वाटली न्हाई असं पुस्तक, अन् मी रडून राहिले. म्हणजे आपल्याला काही कळत न्हाई. उगं शहाण्या माणसांत कशाला बसावं?"

"पण मी तर तिथं एवढी स्तुती केली."

"पाहुण्यांसमोर करावीच लागती की."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. म्हटलं, "मी लिहिलं होतं गं. पुस्तकभर लिहिलं होतं. तुला द्यायच्या आधी खोडलं."

तिला कळेना. "काहून?"

"तू माझ्यापेक्षा चांगलं बोलतेस म्हणून."

आता ही चिडेल, दोन शब्द बोलेल, मग मी माफी मागेन, असं मी धरून चालले होते. तिनं साडी पुन्हा मांडीवर ओढून घेतली आणि अगदी हळू म्हणाली, "मंग आधी सांगायचं न्हाई का ताई. मी बोललेच नसते."

आणि खरंच बोलली नसती ती.