हापशात सोडलेला साबण

मी तेलाच्या विहिरींवर काम करतो म्हटलं की आमच्या वस्तीत पहिला प्रश्न यायचा तो रॉकेलचा. रेशनवर मिळत नाही, तर तू तिकडून एखादा डबा आण, असं शेजारची काकू दर सुट्टीला हक्कानं सांगायची. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी उत्तर गुजरातेत वायरलाइनच्या गाडीवर होतो आणि शेवगाव तालुक्यातल्या आमच्या बौद्ध वस्तीत माझ्या नोकरीचा अर्थ कुणालाच लागत नव्हता. मीही समजावून सांगायच्या फंदात पडत नसे.

तसं ते सांगायला सोपं आहे. तेलाची विहीर म्हणजे वीतभर रुंदीचं आणि मैलभर खोल भोक. त्यात माणूस उतरत नाही, डोकावून काही दिसत नाही. म्हणून ट्रकवर मोठा ड्रम, ड्रमवर पोलादी तार आणि तारेच्या टोकाला अवजार. एखादं अवजार आतला दाब मोजतं, एखादं नळीत साचलेलं मेण खरवडतं, एखादं खडकात तेल आहे की पाणी ते तारेतूनच वर कळवतं. किती तार सुटली ते एक चाक मोजतं, तारेवर किती ओझं आलं ते काटा दाखवतो. एवढ्यावरून खाली काय चाललंय ते ओळखायचं, ही सगळी विद्या. कधी तार तुटते आणि अवजार आतच पडतं. तेव्हा कुणी विहीर मेली म्हणून हात झटकत नाही. दिवसच्या दिवस खपतात, पण पडलेलं काढायला बघतात. मला याच गोष्टीचा अभिमान होता, आणि त्या उन्हाळ्यात याच गोष्टीवरून माझं डोकं फिरलं.

सुट्टीला घरी आलो तर वस्तीचा हापसा उघडा पडलेला. दांडा नाही, वरचं डोकं काढून बाजूला ठेवलेलं, बोअरच्या तोंडावर एक दगड. आईनं सांगितलं ते असं. निम्मी वस्ती ऊसतोडीला गेली असताना दुरुस्तीची माणसं आली. वर ओढताना सगळे पाईप त्यांच्या चिमट्यातून सुटले आणि बोअरमध्ये पडले. त्यांनी थोडा वेळ गळ टाकून पाहिला, मग बोअर मेला म्हणून सांगितलं आणि गेले. आता नवा बोअर गावाच्या चौकात घ्यायचं ठरलं होतं. ठरवणाऱ्यांत आमचं कुणी नव्हतं. आमचा हापसा बंद ठेवून चौकाला पाणी, म्हणजे आयजीच्या जिवावर बायजी उदार.

चौकातलं पाणी म्हणजे काय, हे माझ्या आईला कुणी शिकवायला नको होतं. लग्न होऊन आली तेव्हा ती गावच्या विहिरीपासून लांब घागर ठेवून उभी राहायची, कुणीतरी वरून ओतेल म्हणून. हापसा आला तेव्हा ते उभं राहणं संपलं. ते पुन्हा सुरू होणार, एवढंच तिला दिसत होतं. ती रडत नव्हती, चिडलेली होती, आणि तिची चीड बघून मला बरं वाटलं.

मी विचारलं, मेला म्हणता, पण आत बघितलं कुणी? कुणीच बघितलं नव्हतं. उघड्या विहिरीत गळ फिरवत राहिलं की घागर कधी तरी अडकते. बोअरमध्ये तसं होत नाही. आंधळेपणानं खुपसलेला गळ पडलेल्या वस्तूला आणखी भिंतीशी दाबतो.

माझे दोन चुलतभाऊ ऊसतोडीहून परतले होते. त्यांच्याकडे उसाच्या ट्रेलरला लावायचा वायररोप होता. त्याला दर पाच हातांवर तेलरंगाची खूण केली, टोकाला लोखंडाचं वजन बांधलं आणि खाली सोडला. चाकाऐवजी खुणा होत्या, काट्याऐवजी माझं मनगट होतं. बोअर जेवढा खोल होता त्याच्या बऱ्याच वर वायररोप सैल पडला. म्हणजे पाईप गाळात गाडले गेले नव्हते, आत उभे होते. मग वजनाच्या बुडाला कपडे धुण्याच्या साबणाची अख्खी वडी तापवून दाबून बसवली. तेलाच्या विहिरीत आम्ही यासाठी शिसं वापरतो. पडलेल्या वस्तूवर ते आपटलं की तिच्या माथ्याचा ठसा घेऊन वर येतं. काकू म्हणाली, पानी न्हाई आन् हा बोअरला आंघोळ घालतोय. सगळे हसले. साबण वर आला तेव्हा त्याच्या एका कडेला अर्धचंद्र उमटला होता. पाईपाच्या तोंडावरचं सॉकेट, भिंतीला टेकलेलं. आईनं त्या अर्धचंद्रावरून बोट फिरवलं आणि चहा टाकायला गेली.

शेवगावच्या वेल्डरकडून मी एक रुंद नळी करून आणली. तोंड बोरूसारखं तिरकं कापलेलं, म्हणजे भिंतीला टेकलेलं सॉकेट आपोआप मधे येतं. आत स्प्रिंगपट्टीच्या दोन जिभा, सॉकेट वर जाऊ देतात, खाली निसटू देत नाहीत. बोअरवर तीन वाशांची तिपाई उभी केली, तिला वजन ओढायची चेनकुप्पी टांगली आणि नळी सोडली. पहिल्यांदा पकड बसली, थोडं ओझं आलं आणि सुटलं. नेमक्या त्याच वेळी गावातला एक पुढारी मोटारसायकलवर येऊन उभा राहिला.

हापसा सरकारी आहे, त्याला हात लावायची परवानगी कुणी दिली, उद्या केस झाली तर कोण निस्तरणार, असं तो मला सुनावत होता. चौकात सगळ्यांची सोय होणार आहे, मग हा हट्ट कशाला, असंही म्हणाला. मी उत्तर देणार तेवढ्यात आई पुढे आली.

"बोअर आमच्या दारातला हाय," ती म्हणाली. "त्यो मेला का जित्ता, ते बघितल्याबिगर आमी उठनार न्हाई. तुमाला केस करायची तर करा. नाव माझं घाला."

मी नळी पुन्हा सोडली. खुणेपाशी वायररोप थांबला, मी तो जरा वळवला, आणि मनगटाला एक बारीक टकटक जाणवली. जिभा बसल्या होत्या. चुलतभावांनी कुप्पी ओढली, तिपाई करकरली, वायररोप ताठ झाला आणि चिखलानं माखलेलं सॉकेट बाहेर आलं. मग एकेक पाईप. वस्तीतल्या बाया पाईप मोजायचं सोडून नुसत्या बघत होत्या.

खराब पाईप बाजूला ठेवून उरलेले जोडले, वरचं डोकं बसवलं, दांडा लावला. आधी गढूळ आलं, मग लालसर, मग नितळ. पुढारी अजून तिथंच होता, बहुधा फसलेलं बघून जावं म्हणून थांबलेला. ऊन मी म्हणत होतं आणि त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. आईनं तांब्या विसळला, भरला आणि त्याच्यापुढे धरला.

"मला तहान न्हाई," तो म्हणाला.

आईनं हात मागं घेतला नाही.

"आमच्या हापशाचं पानी तुमच्या घशाखाली उतरत न्हाई," ती म्हणाली, "आन् आमी तुमच्या चौकात यायचं पान्याला?"

त्यानं गाडीला किक मारली. आईनं तांब्या तोंडाला लावून तिथंच उभ्यानं रिकामा केला.