येते म्हणून बसले

सोलापुरात लेकीकडे येऊन मला वर्ष होत आलं होतं, तरी गल्लीत कुणी विचारलं की मी सांगायची, चार दिवस आलेय. सवयच लागली होती. एक दिवस दारावर येणाऱ्या भाजीवालीनं मेथीची जुडी हातात देता देता म्हटलं, "आजी, तुमचे चार दिवस लई लांबले की." शेजारच्या बायका हसल्या. मीही हसले. आत येऊन मेथी निवडायला बसले तर पानं कचऱ्यात टाकली आणि देठं पातेल्यात.

मी कोकणातली, चिपळूणच्या वरच्या अंगाची. शाळा चौथीपर्यंत. नवरा गेला, मुलगा नाही, एकच लेक. जावई विजेच्या खात्यात. तरुणपणी ते नोकरीला आमच्या भागात होते, तेव्हा सोयरीक जुळली. पुढे बदली घेऊन ते आपल्या मुलखात आले आणि लेक त्यांच्याबरोबर आली. माझे गुडघे गेले तसं डोंगरातल्या घरात एकटीनं चढणं-उतरणं जमेना. घर दिराच्या मुलाला विकलं, पैसे बँकेत ठेवले आणि लेकीकडे आले. निघताना शेजारणीला सांगितलं, पावसाळा सरला की परत येते. घर विकलेलं तिला ठाऊक होतं. तरी ती बरं म्हणाली.

आमच्याकडे आईबापानं लेकीच्या घरी सणावाराला जावं, दोन घास खावेत आणि निघावं. राहिलं की लोक म्हणतात, जावयाच्या दारात पडलीय. मी स्वतः असं म्हटलं आहे, गावातल्या एका बाईबद्दल. तिच्या तोंडावर नाही, पाणवठ्यावर धुणं धुताना. त्यामुळे लोक काय म्हणतात याचा मला अंदाज करावा लागत नव्हता.

लेक-जावई वाईट वागले असते तर सोपं गेलं असतं. भांडून निघता आलं असतं. ते चांगले होते. जावई मला आई म्हणायचे, बाजारातून येताना माझ्यासाठी म्हणून मासे आणायचे आणि स्वतः माळकरी असल्यानं त्या दिवशी बाहेरच्या खोलीत जेवायचे. मी ते मासे खायची आणि मला लाज वाटायची. ते घरात असले की मी पदर डोक्यावर घेऊन आतल्या खोलीत बसायची. पंखा लावायलाही हात पुढे व्हायचा नाही. विजेच्या खात्यातल्या माणसाच्या घरात मी सोलापूरचा उन्हाळा पुठ्ठ्यानं वारा घेत काढला.

तेव्हा ठरवलं, आपलं लहानसं घर घ्यायचं. लेकीच्या गावात, पण आपल्या दारात. भाजीवालीलाच विचारलं. तिला वाटलं जावयासाठी विचारते आहे. मी म्हटलं, मला. तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाली, आमच्या गल्लीत एक म्हातारी घर विकायला काढून बसली आहे, बघा.

लेकीला देवळात जाते म्हणून सांगितलं आणि भाजीवालीबरोबर रिक्षात बसले. शहराच्या पूर्वेला विणकरांची वस्ती आहे. तिथं गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी यंत्रमागांची खटखट. बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. बायका उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या आणि तोंडानं तेलुगू चाललेलं. विकणारी बाईही सूप घेऊनच बसली होती. माझ्याच वयाची. "रा अक्का, रा," म्हणाली. रा म्हणजे ये, एवढं मला कळलं. भाजीवाली टोपली घेऊन पुढे गेली.

घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. पुढच्या खोलीत पूर्वी माग होता. तो विकून टाकला होता, पण त्याचे पाय जिथं रोवले होते ते खड्डे फरशीत तसेच. ती म्हणाली, सिमेंट भरलं की झालं. मुलगा भिवंडीला असतो, आता आम्ही नवराबायको तिकडंच जाणार. मागच्या बाजूला चूल मांडण्याएवढी जागा होती आणि कडीपत्त्याचं झाड होतं. मी त्या झाडापाशी उभी राहिले. इथं आपण खाटेवर आडवं पडलं तर कुणी बघायला नाही, असं मनात आलं आणि इतकं बरं वाटलं की माझं मलाच नवल वाटलं.

निघताना मी चपला पायात घालत होते. मागांच्या आवाजात ती काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं ते, "मग अक्का, येता का?"

मी म्हटलं, "येते, येते."

आपल्यात कुणाच्या दारातून निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. तोंडातून आपसूक निघतं. तिनं राहता कुठं विचारलं, मी पाण्याच्या टाकीजवळ विजेच्या खात्यातल्यांचं घर म्हणून सांगितलं आणि रिक्षा केली.

त्या रविवारी सकाळी दार वाजलं. जावयांनी उघडलं. मी आत तांदूळ निवडत होते. आवाज ओळखला आणि हात थांबला.

"घर घेणाऱ्या अक्का हितंच ऱ्हातात का?"

जावई म्हणाले, "इथं कुणी घर घेत नाही, मावशी. पत्ता चुकला तुमचा."

"न्हाई चुकला. उंच हायत, डोळ्याला जाड चष्मा. येते म्हणल्यात मला."

लेक बाहेर गेली. मलाही जावं लागलं. म्हातारी पिशवीतून नारळ आणि खणाचं कापड काढून खुर्चीवर ठेवत होती. मला बघून तिचा चेहरा खुलला. बोलणं पक्कं झालं म्हणून ती आपणहून ओटी घेऊन आली होती. चादरीच्या कारखान्यातला एक माणूस घर मागत होता, त्याला तिनं नाही सांगितलं होतं.

जावई माझ्याकडे बघत होते. राग नव्हता. गावात त्यांच्याबद्दल कुणीतरी काहीतरी बोललं आहे आणि ते आता त्यांना कळलं, असं काहीतरी तोंडावर होतं. मी माझी लाज झाकायला गेले ती त्यांच्या अंगावर टाकून आले होते.

मी त्या बाईला म्हटलं, "मी जाताना म्हणतात तसं येते म्हणाले हो. आमच्यात जाते म्हणत नाहीत."

"आमच्यात बी न्हाई म्हणत," ती म्हणाली. "पण मी घर दावून मग इचारलं की, येता का म्हणून. त्याला येते म्हणल्यावर मी काय समजायचं?"

तिचं बरोबर होतं. आणि खरं सांगायचं तर कडीपत्त्याच्या झाडापाशी उभी होते तेव्हा मलाही यायचंच होतं. तोंडातून जे निघालं ते निव्वळ रीतीचं होतं असं मी शपथेवर सांगू शकणार नाही.

लेक म्हणाली, "आई, तू देवळात गेली होतीस ना?"

जावयांनी म्हातारीला बसायला सांगितलं, चहा टाकायला सांगितला आणि घराची चौकशी सुरू केली. खोल्या किती, कागदपत्रं कुणाच्या नावावर. अगदी मी खरंच घेणार असल्यासारखी. मला म्हणाले, "आई, घर बघायचं होतं तर मला सांगायचं. मी नेलं असतं." नंतर त्यांनी विचारलं, "नळाला पाणी किती दिवसांनी येतं?"

"चार दिवसाला. कधी पाच. आलं की पिंपं भरून घ्यायची."

हे मी तिला विचारलंच नव्हतं. आमच्याकडे डोंगरातला झरा पन्हळीनं परसात यायचा, घर बघताना पाणी विचारायचं कोकणातल्या बाईला सुचत नाही. पण मी सोलापुरात वर्षभर राहिले होते. नळ सुटला की जावई भल्या पहाटे उठून मोटर लावायचे, टाकी भरेपर्यंत जागे बसायचे. मी अंथरुणात तो आवाज ऐकायची आणि कूस बदलायची. कुणीतरी भरतं म्हणून पाणी असतं, एवढं माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

त्या घरात पिंपं कोण भरणार होतं? माझ्यानं कळशी उचलत नाही. गल्लीतली पोरं भरतील, म्हातारी म्हणाली. एकदा भरतील, दोनदा भरतील. मग निरोप जावयांनाच जाणार. ते शहराच्या या टोकाहून त्या टोकाला येऊन सासूचं पाणी भरणार, आणि ते येतीलच हे मला ठाऊक होतं.

मी म्हटलं, "बाई, माझ्यानं होणार नाही. मी येत नाही. तुमच्या त्या माणसाला सांगा."

"त्याला काय तोंड दावू आता?" ती म्हणाली. "तुमाला ठरवाया यीना तर बगाया कशाला आलाव?"

तिनं चहा पूर्ण प्यायला. आणलेलं परत न्यायचं नाही म्हणून लेकीची ओटी भरली आणि उठली. जाताना येते म्हणाली नाही.

दिवसभर लेक माझ्याशी बोलली नाही. भांडी जरा जोरात ठेवत होती. रात्री नेहमीप्रमाणे मी आत जेवायला बसणार तर जावयांनी माझं ताट उचलून आपल्याजवळ मांडलं. मी पदर ओढून बसले. भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी. अर्धी भाकरी खाऊन मी हात धुवायला उठू लागले, तसे ते ताटावरची नजर न काढता म्हणाले,

"आई, तुम्ही तुमच्या घरी किती जेवत होता ते मी बघितलंय. लाज वाटते तर वाटू द्या, पण भाकरी मोजून खाऊ नका."

म्हणजे हे त्यांना दिसत होतं. लेकीला दिसत नव्हतं, त्यांना दिसत होतं. मला वाटलं होतं निदान तेवढं तरी मी लपवलं आहे.

लेकीनं उरलेली अर्धी ताटात टाकली आणि वर आणखी एक. मी बसले. भाकरी कडक होती, दात थोडेच राहिलेत, खायला वेळ लागला. दोघांची जेवणं झाली होती, पण माझं होईपर्यंत कुणी उठलं नाही.