तापीकाठी पाऱ्याचा महादेव

देवघरातल्या महादेवाला तडा गेल्याचा मावशीचा फोन आला आणि लांबत चाललेली बऱ्हाणपूरची फेरी ठरली. मावसांना जाऊन वर्ष होत आलं होतं. पाऱ्याची ती पिंड त्यांनी जन्मभर पुजली. भंगलेला देव घरात नको, पण त्याचं सगळं रीतीनं व्हावं, एवढंच मावशीला हवं होतं.

भुसावळहून सकाळची गाडी घ्या. खिडकीतून केळीच्या बागा दिसतात. स्टेशनवरून गावातल्या शनवारा चौकात जायला शेअर रिक्षा मिळते. मी आधी कुंडी भंडारा पाहिला. लिफ्टनं खाली उतरलं की दगडी बोगदा आणि काचेसारखं पाणी. सातपुड्यातून झिरपणारं हे पाणी मोगलांच्या काळापासून शहर पितंय. बांधणाऱ्यांना मनोमन हात जोडले. येताना माव्याची जिलेबी घेतली, गरमच खा.

दुसऱ्या दिवशी तापीवरचा राजघाट. पलीकडे जैनाबाद उन्हात उजळलेलं. मावशीनं पिंड पदराखालून काढली, तोच शेजारचे निंबाकाका आडवे आले. ऐंशीचे, शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त. येताना काचेची रिकामी बरणी घेऊन आलेले.

"वहिनी, तापीमायले पारा पाजता का?"

"भाऊजी, घाटावर भांडू नका. भंगलेला देव ठेवू कुठे?"

"गाळात जाईल, गाळातून मच्छीत, मच्छीतून पोरांच्या पोटात. मेरे बाप को देखा है मैंने."

त्यांचे वडील मुलामा चढवायचे. सोनं पाऱ्यात कालवून भांड्याला लावायचं, मग भट्टीवर पारा उडवायचा. सोनं भांड्यावर, धूर गल्लीत. संस्थानं विलीन झाली, दरबारी काम थांबलं. तोवर त्यांच्या हातात चहाची बशी ठरत नव्हती. पुढे पारा थर्मामीटरमधून, ट्यूबलाइटमधून, कोळशाच्या धुरातून येत राहिला. फुटकी थर्मामीटरं निंबाकाका आजही घरोघरून मागून आणतात, इंदूरकडे घातक कचरा घेणाऱ्यांकडे पोचवतात. कुणी सांगितलेलं नाही, कुणी विचारतही नाही.

मावशीनं पिंड पुन्हा पदराखाली घेतली. "पण हे म्हणायचे, तापीतच सोड."

निंबाकाकांनी बरणी नदीत बुडवून भरली. "घ्या. ही पण तापीच."

मावशीनं बेल वाहिला, पिंड अलगद बरणीत सोडली. "काचेतून दिसतात तरी," म्हणाली. निंबाकाकांनी झाकण दोनदा आवळलं.

घरी परतून आठवडा झाला. बोगद्यातलं पाणी आणि ती बरणी, दोन्ही डोळ्यांसमोरून हलत नाहीत. काल मावशीचा फोन आला. निंबाकाकांबरोबर तीही इंदूरकडे गेली होती, बरणी मांडीवर घेऊन. तिथल्या माणसानं विचारलं, "माताजी, सामान क्या लिखूँ?"

"महादेव लिखो," मावशीनं सांगितलं, "और ब्रॅकेट में पारा."