आधी बोलायचं नाही

"गप्प! एक शब्द नाही, भालेराव! एक शब्दसुद्धा तोंडाबाहेर काढायचा नाही!"

दिल्लीतल्या आर. के. पुरममधल्या सरकारी क्वार्टरच्या जिन्यात, मधल्या वळणावर उभे राहून आमचे पाळक शांतवन मकासरे माझ्यावर ओरडत होते. ओरडत म्हणजे कसे, तर समोरच्या ब्लॉकमध्ये दोरीवर वाळत घातलेले पायजमे चालायला लागले आणि खालच्या भाजीवाल्याने घाबरून भेंडीचा भाव आपणहून उतरवला. तो माणूस आयुष्यात एकदाच ओरडला, आणि ते ओरडणं माझ्या वाट्याला आलं. माझा गुन्हा असा, की वरच्या मजल्यावरच्या ज्या बाईंचा नवरा त्याच आठवड्यात वारला होता, त्यांचं मन जरा हलकं व्हावं म्हणून मी त्यांना माझ्या बिबट्याची गोष्ट सांगितली. शिमल्याहून स्कूटरने येताना एका वळणावर बिबट्या माझ्या मागच्या सीटवर येऊन बसला, दोन्ही पंजे माझ्या खांद्यांवर ठेवून थेट मुरथलपर्यंत आला आणि तिथल्या धाब्यावर उतरून पराठ्यांच्या परातीकडे बघत गुरगुरला, ती. गोष्ट अगदी खरी आहे. बिबट्या फक्त थोडा लहान होता. बाई हसल्या नाहीत. त्यांचा दीर मात्र हसला, आणि मग तोंड लपवून आत निघून गेला.

पाळकांना जाऊन आता दीड महिना होत आला. लोक विचारतात, भालेराव, तुम्ही एवढे बोलणारे, त्यांच्यावर काहीतरी लिहा. लिहायला बसलो की मला तो जिनाच आठवतो. आणि जिना आठवला की एक प्रश्न उभा राहतो, जो मला रात्रंदिवस खातो आहे. शेवटचे चार महिने आम्ही त्या माणसाला सोबत केली का? एक दिवस चुकला नाही, रोज कोणी ना कोणी त्यांच्याजवळ बसून होतं. हजेरी चोख आहे. पण सोबत केली का?

जे त्यांना ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मकासरे पगारी पाळक नव्हते. मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. आठवडाभर फायली आणि रविवारी आम्ही. आम्ही म्हणजे नगर, जालना, मिरज अशा ठिकाणांहून नोकरीपायी दिल्लीत येऊन पडलेली मराठी ख्रिस्ती घरं. आमचं स्वतःचं देऊळ नाही. एका हिंदी मंडळीच्या देवळामागचा हॉल आम्हांला रविवारी दुपारी मिळतो, म्हणजे सकाळच्या लोकांच्या चहाचे पेले उचलायचे, खुर्च्या फिरवायच्या आणि मग आपल्या भाषेत देवाशी बोलायचं. उन्हाळ्यात त्या हॉलमध्ये इतकं तापायचं, की शास्त्रपाठ वाचणाऱ्याचा चष्मा वितळून नाकावर ओघळायचा. पाळक संदेश द्यायचे तो दहा मिनिटांचा. अकराव्या मिनिटापासून पुढारी स्वतःबद्दल बोलायला लागतो, असं त्यांचं मत.

त्यांचं खरं काम हॉलमध्ये नव्हतंच. "व्यासपीठावर कोणीही उभं राहतं हो," ते म्हणायचे, "मंडळीचा पुढारी कोण, ते जिना चढताना कळतं." म्हणून ते कोणाकडेही भेटीला निघाले, की मंडळीतला एक जण बरोबर घ्यायचे. असा एकेक करून त्यांनी आम्हांला घडवलं. पहाडगंजात शिकवणाऱ्या उजागरेबाई घडल्या. त्या आधी इतक्या लाजऱ्या होत्या, की घरात एकट्या असल्या तरी दार वाजवून आत जायच्या. आणि शेवटी मी.

त्या दिवशी जिना उतरून आम्ही बसस्टॉपवर आलो. मी ठरवून टाकलं होतं. म्हटलं, "पाळक, मला सोडा. मी फरीदाबादच्या कारखान्यातला परचेसवाला माणूस, व्यापाऱ्यांशी डोकं लावून लावून माझी जीभच तशी झालीय. हे पुढारीपण माझ्या घराण्यात नाही." ते वाकून बस येते का ते बघत होते. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "त्या बिबट्याचं पुढे काय झालं?"

"काय व्हायचं? पराठा खाल्ला आणि लोणचं मागितलं."

एवढा हसला तो माणूस, की आमची बस निघून गेली. मग डोळे पुसत म्हणाले, "भालेराव, मुळात जो अबोल आहे तो गप्प बसला तर त्यात काय विशेष? ज्याला गप्प बसणं जड जातं, त्याचं गप्प बसणं देवाला मोलाचं. उद्या संध्याकाळी परत यायचं माझ्याबरोबर." चूक दाखवून माणसाला घरी पाठवणारे पुष्कळ असतात, यार. चूक दाखवून परत दुसऱ्या दिवशी बोलावणारा मी एवढाच पाहिला.

मग वर्षानुवर्षं त्यांच्या मागे जिने चढलो. त्यांचे नियम देवळातल्या भिंतीवर लावण्यासारखे नव्हते, साधे होते. घरात गेलात की आधी पाणी मागा. दुःखात किंवा अडचणीत असलेल्या माणसाला आपण कोणाला तरी काही देऊ शकतो एवढं कळू द्या. आजाऱ्याच्या पलंगावर टेकू नका. 'तुमच्यासाठी प्रार्थना करू' असं सांगून निघू नका; करायची तर तिथेच करा, आणि थोडक्यात. 'काही लागलं तर सांगा' हे जगातलं सगळ्यात स्वस्त वाक्य, ते बोलायचं नाही. स्वयंपाकघराकडे नजर टाका, गॅस संपला असेल तर सिलिंडर आणा. आणि सगळ्यांत मोठा नियम, ज्याच्यासाठी मी जिन्यातलं ते ओरडणं ऐकलं: आधी बोलायचं नाही. ज्याचं दुःख आहे त्याने पहिला शब्द बोलायचा. तो तासभर बोलला नाही तर आपणही तासभर बसायचं. आपण गप्प राहणं ही त्याच्यासाठी सोडलेली जागा आहे.

मला गप्प बसायला शिकवणं म्हणजे यमुनेला उलटं वाहायला लावण्यासारखं होतं. पहिल्या वर्षी मी जीभ इतकी चावली, की दंतवैद्याने विचारलं, घरी भांडणं होतात का. पण नियम खरा होता. फरीदाबादला आमच्याच सेक्टरमध्ये एकांचा तरणा मुलगा गेला, तेव्हा आम्ही दोघं त्या बापासमोर बसून राहिलो. पाणी प्यायलो. पंखा फिरत होता. माझ्या पोटात चौदा गोष्टी एकमेकींना धक्के मारत होत्या. शेवटी अंधार पडल्यावर तो बाप म्हणाला, "त्याला वांगं आवडायचं नाही. मी मारून खायला घालायचो." आणि मग धरण फुटल्यासारखा बोलला. त्या दिवशी बाहेर पडताना पाळकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पुढे तर माझी ख्याती झाली. मंडळीत कोणाकडे मयत झालं की म्हणायचे, भालेरावांना पाठवा, ते छान गप्प बसतात.

निवृत्तीनंतर मकासरे पतिपत्नी सरकारी क्वार्टर सोडून फरीदाबादला दोन खोल्यांत राहायला आले. मूलबाळ नाही. गेल्या हिवाळ्यात त्यांचा आवाज चिरका झाला. आम्ही म्हटलं, दिल्लीची हवा आहे, कोणाचा धड आहे? पाळकीणबाईंनी आल्याचे काढे केले. होळीच्या सुमारास डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्रात गाठ आहे आणि स्वरयंत्र काढावं लागेल. काढलं. गळ्याला श्वासासाठी एक भोक ठेवलं. बिल्कुल आवाज नाही, कुजबुजही नाही. मोबाइलवर एका बोटाने 'पंखा', 'उशी' एवढंच लिहायचे, आणि तेही लवकरच जड व्हायला लागलं.

मग आम्ही आलो. त्यांनीच घडवलेले सगळे. वेळा वाटून घेतल्या, घरातला गॅस कधी संपू दिला नाही, दूध, औषधं, सगळं न विचारता आणलं. आणि त्यांच्या पलंगासमोर खुर्ची ओढून, पाणी मागून, बसलो… गप्प.

आता हे मी हसून सांगावं की कसं सांगावं, मला कळत नाही. एका रविवारी उपासनेनंतर आम्ही सात जण एकदम गेलो होतो. वेताचे बुटके मोढे, खुर्च्या, एक जण दाराच्या उंबऱ्यावर. सगळ्यांनी पाणी मागितलं. पाळकीणबाईंचे पेले संपले, वाट्यांतून प्यायलो. आणि मग सातही जण हात मांडीवर ठेवून वाट बघत बसलो, की ज्याचं दुःख आहे त्याने पहिला शब्द बोलावा. ज्याचा गळाच कापलेला आहे, त्याने! नियम कसा चालवायचा ते शिकवणारा समोर होता, पण तो नियम कुठे थांबवायचा हे त्याने शिकवलं नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ इतकं मोठ्याने वाजत होतं, की मला वाटलं आता शेजारी येऊन तक्रार करतील. पाळक एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. उजागरेबाईंकडे, मग त्या उंबऱ्यावरच्याकडे, मग माझ्याकडे… माझ्याकडे जरा जास्तच. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हांला वाटलं, शाबासकी देताहेत. केवढी माणसं तयार केली आपण, असं वाटून भरून आलं असेल.

माझ्या ओठांवर तेव्हा बिबट्या आला होता. शपथेवर सांगतो, नुसता आला नव्हता, शेपटी आपटत होता. मी त्याला गिळला. म्हटलं, या माणसाने इतकी वर्षं घालून तुला गप्प बसायला शिकवलंय भालेराव, आज त्याच्यासमोर परीक्षा आहे, नापास होऊ नकोस. आणि मी पहिल्या नंबराने पास झालो. असा पास झालो, की पुढचे तीन महिने आठवड्यातून दोनदा जाऊन त्यांच्यासमोर दगडासारखा बसलो. निघताना एक छोटी प्रार्थना. आमेन. जिना.

मला कोणी म्हणेल, एवढं का लावून घेता? त्यांनी मोबाइलवर 'बोला' असं लिहून दाखवायला हवं होतं. मीही स्वतःला तेच सांगतो. पण आपणच घालून दिलेला नियम, तोही सगळी मंडळी डोळ्यांत तेल घालून पाळत असताना, मोडा असं तो माणूस कसा लिहील? की त्यांना तसं काही वाटतच नव्हतं आणि हे सगळं माझ्या बडबड्या मनाचे खेळ आहेत? ज्याला विचारायचं त्याला आवाज नव्हता, आणि आता तो माणूसही नाही.

ते पहाटे गेले. दफनविधीला दिल्ली-फरीदाबादची सगळी घरं आली होती. हिंदी मंडळीच्या पाळकांनी विधी केला, चांगला केला, आणि शेवटी म्हणाले, आता तुमच्या मराठीत एक गायन होऊ द्या. आम्ही सगळे उभे. कोणी सुरू करेना. मी उजागरेबाईंकडे बघितलं, त्यांनी दुसऱ्याकडे. दुःख पाळकीणबाईंचं, पहिला शब्द त्यांचा, हे आमच्या हाडात इतकं मुरलेलं, की शंभर माणसं उघड्या खड्ड्याभोवती मुकी होऊन उभी राहिली. फावडं घेतलेला माणूस आमच्याकडे बघून म्हणाला, "साहब, कोई बोलेगा, या मिट्टी डालूँ?" शेवटी त्या एकट्या बाईने गायला सुरुवात केली. नवऱ्याच्या कबरेवर, एकटीने, फाटक्या आवाजात. दुसऱ्या कडव्याला आम्ही मिळालो. इतके पुढारी तयार केले त्या माणसाने, आणि त्याच्या मातीवर पुढे झालं कोण, तर त्याची विधवा.

हल्ली हॉलमध्ये आम्ही आळीपाळीने संदेश देतो. दहा मिनिटांचा. लोक कमी होत चाललेत. मुलांना मराठी कळत नाही, ती सकाळच्या हिंदी उपासनेला जातात आणि दुपारी झोपतात. पुढच्या वर्षी हॉल मिळेल की नाही ठाऊक नाही, आणि मिळाला तरी खुर्च्या फिरवायला कोण असेल तेही ठाऊक नाही. मला वाटतं, ते सगळं संपत आलंय. मोठमोठ्याने बोलणारा माणूस मी, पण याच्यावर माझ्याकडे एकही गोष्ट नाही.

गेल्या आठवड्यात पाळकीणबाईंकडे गेलो होतो. त्या मटार सोलत बसल्या होत्या. मी पाणी मागितलं, प्यायलो आणि समोर बसलो. त्या काही बोलेनात. मटारांचा टपटप आवाज. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मी नियम मोडला.

"वहिनी," मी विचारलं, "आम्ही रोज येत होतो. पाळकांना बरं वाटायचं ना?"

त्यांनी हातातली शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले, फोलपटं कागदावर टाकली. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं.

"तुम्ही लोक गेलात की ते खुणेने रेडिओ लावायला सांगायचे, भाऊजी," त्या म्हणाल्या. "शेतीचा कार्यक्रम असला तरी चालायचा. कोणीतरी बोलत असायला हवं होतं त्यांना."