पंखावरची हवा सुटली तेव्हा

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. मी विमान चालवायला शिकत होते. चिकलठाण्याहून उडालेल्या त्या लहानशा विमानात शेजारी माझे सर होते. छातीवर पट्टे आवळलेले, दार गुडघ्याला टेकलेलं. खाली कोरडे तलाव आणि शेतांत पाडलेले नवे प्लॉट दिसत होते.

"आज पडणारं विमान सावरायला शिकायचं. वेग कमी कर, विमानाचं नाक वर उचल," सर म्हणाले.

नाक फार वर गेलं की हवा पंखाला धरून वाहत नाही, मग पंख विमान पेलू शकत नाही, हे मला पाठ होतं. पण धोक्याचा भोंगा वाजला, विमान थरथरलं, नाक खाली कोसळलं आणि समोर नुसती जमीन दिसायला लागली. नाक वर-खाली करायचा दांडा मी छातीशी गच्च ओढून धरला.

"पुढं ढकल!"

"पुढं ढकललं तर पडू ना, सर!"

"पडतोयच की आपण! सोड!"

माझी बोटं उघडेनात. सरांनीच जोर लावून दांडा पुढं ढकलला. वेग वाढला, हवा पुन्हा पंखाला धरून वाहू लागली आणि विमान सावरलं.

"आता तू एकटीनं कर," ते म्हणाले.

तिथं उतरता आलं असतं, तर मी उतरले असते. मी नाक पुन्हा वर उचललं.